तिला यात काय मिळते? दोन एकाकी माणसे, २३ वर्षांचे अंतर आणि अडलेला दुसरा अंक

अंबाझरीकाठ

नमस्कार. गेले आठ महिने मी एक दोन अंकी नाटक लिहिते आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर ते सादर करावे, अशी आमच्या लहानशा हौशी गटाची इच्छा आहे. पहिला अंक लिहून झाला, त्याचे वाचन झाले आणि ते सर्वांना आवडले. दुसरा अंक मात्र एका प्रश्नावर अडला आहे. तो प्रश्न माझ्या एकटीने सुटेल असे आता वाटत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

नाटकातला पुरुष ६२ वर्षांचा आहे. लेखा विभागातून निवृत्त झालेला, पत्नीला जाऊन चार वर्षे झालेली, मुलगा बंगळुरूला. लक्ष्मीनगरात दोन मजली घर आहे आणि तो तळमजल्यावर राहतो. वरच्या मजल्यावर ३९ वर्षांची भाडेकरू आहे. तिचा नवरा रेल्वेत होता, तो नोकरीत असतानाच गेला. ती एका खासगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचे काम करते. तिला १३ वर्षांची मुलगी आहे.

नाटक सुरू होते ते मृगाच्या पहिल्या पावसानंतरच्या रात्री. नागपुरात राहणाऱ्यांना हे सांगावे लागणार नाही की, मार्चपासून जूनपर्यंत कूलरचा आवाज हा घरातल्या एखाद्या माणसासारखा असतो. पारा ४५ च्या वर असतो, तेव्हा त्या घरघरीखालीच आपण जेवतो, बोलतो, झोपतो. पाऊस पडतो आणि एका रात्री कूलर बंद होतो. भरल्या घरात त्या शांततेने बरे वाटते. माझ्या नायकाच्या घरात मात्र त्या रात्री त्याला पहिल्यांदा कळते की गेले साडेतीन महिने आपल्याशी फक्त हे यंत्र बोलत होते. तो उठतो आणि गरज नसताना कूलर पुन्हा सुरू करतो. थंडगार रात्री खाली कूलर का चालू आहे, काकांना काही झाले तर नाही ना, हे पाहायला ती खाली येते. येथून त्यांचे बोलणे सुरू होते.

दुसऱ्या अंकात तो तिला लग्नाचे विचारतो आणि ती होकार देते. ही भूमिका करणाऱ्या मुलीने संहिता वाचून मला विचारले, “ताई, हिला यात काय मिळते?” त्याला काय मिळते हे उघड आहे. घरात माणसाचा आवाज येतो, गरम पोळी येते, रात्री दुखले खुपले तर हाक मारायला कोणी असते. मी म्हटले, तिला आधार मिळतो. ती म्हणाली, “आधार तिचा तिला आहे. ती कमावते, मुलीला शिकवते, भाडे वेळेवर देते. उलट आधाराची गरज त्यालाच जास्त आहे.” मी निरुत्तर झाले.

त्या रात्री मी ‘द लंचबॉक्स’ पुन्हा पाहिला. २०१३ साली रितेश बत्रा यांनी केलेल्या या चित्रपटात निवृत्तीला टेकलेला विधुर आणि तरुण गृहिणी चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या डब्यातून चिठ्ठ्या पाठवतात, हे अनेकांना आठवत असेल. पहिल्यांदा पाहताना माझे सगळे लक्ष इरफान खान यांच्या साजनकडे होते. या वेळी मी इलाकडे पाहत राहिले. साजनला ओळखण्याच्या कितीतरी आधी तिचे एकटेपण पूर्ण लिहिलेले आहे. नवरा ताटावर बसूनही समोर नसतो. त्याच्या शर्टाला दुसरीकडचा वास येतो. बोलायला फक्त वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकूंचा आवाज, आणि त्या तर पडद्यावर कधी दिसतही नाहीत. वडील गेल्यावर तिची आई काय म्हणते, तर मला खूप भूक लागली आहे, पराठे खावेसे वाटतात. आजारी नवऱ्याच्या सेवेत आपले पुढे काय होते, हे इला त्या क्षणी आईच्या तोंडून ऐकते. म्हणून तिची चिठ्ठी कोणा म्हाताऱ्याला दिलासा द्यायला लिहिलेली वाटत नाही. ती स्वतःसाठी लिहीत असते.

माझ्या नाटकातली स्त्री पहिल्या अंकात पहिल्यांदा दिसते तीच मुळी त्याच्या दारात, त्याची चौकशी करायला. मला वाटते दोष तेथेच आहे. तिला मी माणूस म्हणून लिहिलेलेच नाही, त्याच्या दुखण्यावरचे औषध म्हणून लिहिले आहे. आपणा सर्वांचे मत हवे आहे. स्पष्ट लिहिले तरी चालेल.

महालचा वाचक

आपला प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून प्रामाणिकपणेच लिहितो. माझे वय ७१ आहे, तेव्हा नायकाच्या बाजूने बोलण्याचा मोह मलाच अधिक व्हायला हवा. तरी मी तिकडून बोलणार नाही.

मराठी प्रेक्षकाला रंगमंचावर वयस्क पुरुष आणि तरुण स्त्री एकत्र दिसली की त्याच्या मनात पहिली शंका अन्यायाची येते, आणि तिला मोठा इतिहास आहे. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ चे. पैशासाठी मुलगी देणारा बाप, मधला दलाल आणि बोहल्यावर चढायला निघालेला भुजंगनाथ ही माणसे आपल्या मनात इतकी मुरली आहेत की पुढच्या सव्वाशे वर्षांत कोणीही या विषयावर काही लिहिले, तरी ती विंगेत उभी असतातच. १९३७ साली व्ही. शांताराम यांनी ‘प्रभात’साठी ‘कुंकू’ केला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा तो चित्रपट. शांता आपटे यांची नीरा फसवून लावलेल्या लग्नाला बधत नाही. म्हाताऱ्या वकिलाच्या घरात राहते, पण त्याला नवरा मानत नाही. त्या घरातले भिंतीवरचे घड्याळ ज्याने पाहिले आहे, त्याला वयाच्या अंतरावर वेगळे भाषण ऐकण्याची गरज उरत नाही. पार्श्वसंगीताशिवाय केलेला तो चित्रपट आहे, त्यामुळे घड्याळाचा टोल अधिकच कानात बसतो.

एक गोष्ट मात्र लोक विसरतात. केशवराव दाते यांनी तो वकील निव्वळ खलनायक म्हणून उभा केलेला नाही. त्याच्या घरात त्याच्या पहिल्या पत्नीची मोठी झालेली मुलेही आहेत. आपण काय केले हे त्याला हळूहळू कळत जाते आणि शेवटी तो नीरेला मोकळी करून स्वतःचे जीवन संपवतो. म्हणजे त्याच्याही वाट्याला एकाकीपण आहे, पण त्याची किंमत तिने चुकवावी, हे लेखक मान्य करत नाही.

आमच्या घरातले सांगतो. माझी आत्या १९३१ साली उमरेडकडच्या एका बिजवराला दिली. तिचे वय १४, त्यांचे ४० च्या पुढे. शारदा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी लागू झाला होता आणि त्यात मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ च होते, त्यामुळे सगळे कायद्याला धरून झाले. (या कायद्याला देवलांच्या नायिकेचे नाव दिले आहे, असा समज आमच्या घरात बरीच वर्षे होता. तो हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो, हे मला कॉलेजात कळले.) २६ व्या वर्षी आत्या विधवा होऊन महालातल्या आमच्या वाड्यात परत आली आणि पुढची ४५ वर्षे मागच्या खोलीत राहिली. तिला कोणी कधी विचारले नाही. देतानाही नाही आणि परत आणतानाही नाही.

तेव्हा माझा प्रश्न होकारापेक्षा नकाराविषयी आहे. आपल्या नायिकेला ‘नाही’ म्हणण्याची पूर्ण सोय नाटकात आहे काय? घर त्याचे, ती भाडेकरू. उद्या तिने नकार दिला, तर वरच्या मजल्यावर राहणे तिला शक्य होईल काय? हे जोवर प्रेक्षकाला दिसत नाही, तोवर तिच्या होकारावर तो विश्वास ठेवणार नाही, आणि त्याने ठेवूही नये.

सदरकर

महालचा वाचक यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत आहे. घरमालक आणि भाडेकरू हे नाते बदलता येत नसेल, तर निदान तिने दुसरे घर पाहून ठेवले आहे, हे तरी पहिल्या अंकात येऊ द्यावे.

निवृत्त लेखापाल

मी नाटकातला जाणकार नाही. परंतु नायक लेखा विभागातला आहे आणि नायिकेला रेल्वेतल्या नवऱ्याचे कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असणार, म्हणून दोन गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे.

पहिली, तिच्याविषयी. केंद्र सरकारच्या नियमांनुसार पुनर्विवाह केल्यावर विधवेचे कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे थांबते. निपुत्रिक विधवेला ते उत्पन्नाच्या अटीवर चालू राहू शकते. रेल्वेचे नियमही त्याच धर्तीचे आहेत. आपल्या नायिकेला मुलगी आहे. तिने लग्न केले तर आईचा हक्क थांबेल आणि मुलीचा प्रश्न नियमांप्रमाणे वेगळा उभा राहील. म्हणजे तिच्या होकारात पहिल्याच दिवशी एक ठोस रक्कम सोडून देणे आहे. माझ्या नोकरीच्या काळात टेबलापलीकडे बसून “साहेब, लग्न केले तर काय होते?” असे हळू आवाजात विचारणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. उत्तर ऐकून त्या कागद घडी करून पिशवीत ठेवत आणि उठत. पुढे त्यांनी काय ठरवले, हे आम्हाला कधी कळत नसे. त्या घडी केलेल्या कागदाविषयी कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

दुसरी, त्याच्याविषयी. निवृत्तीनंतर केलेल्या लग्नाच्या पत्नीलाही कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालच्या भगवंती खटल्यात हे स्पष्ट केले. तसेच १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पतीने मृत्युपत्र केले नसेल, तर विधवा आणि मुले यांना सारखा वाटा मिळतो. बंगळुरूच्या मुलाला बापाच्या प्रेमापेक्षा लक्ष्मीनगरच्या प्लॉटची काळजी अधिक वाटू शकते. हे लिहिताना त्याला दुष्ट करू नये, ही विनंती. ती काळजी बहुतेक वेळा “लोक काय म्हणतील” या वेषात येते आणि बोलणाऱ्याला स्वतःलाही ती ओळखू येत नाही.

उत्तररात्र

मी या धाग्यावर लिहू की नको, याचा दोन दिवस विचार केला.

माझे पती माझ्याहून १९ वर्षांनी मोठे आहेत. लग्न झाले तेव्हा मी ३४ ची होते आणि ते ५३ चे. आज १३ वर्षे झाली. आम्ही नागपुरातच राहतो. यापेक्षा अधिक ओळख देणार नाही.

त्याआधीची नऊ वर्षे मी वडिलांची शुश्रूषा केली. पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग गेले होते. दोन्ही भाऊ बाहेरगावी, आई आधीच गेलेली. स्थळे येत आणि वडिलांचे काय, या प्रश्नाशी थांबत. घर भरलेले असे. नर्स येई, शेजारणी डबा आणत, भाऊ दिवाळीला येत. तरीही त्या नऊ वर्षांत “आज तू काय वाचलेस?” असे मला कोणी विचारले नाही. सगळे विचारत ते, “बाबा कसे आहेत?” एकाकीपण म्हणजे घरात माणसे नसणे, असे समजून बरेच जण लिहितात. माझ्या बाबतीत घरात माणसे होती आणि त्यांच्या बोलण्यात मी नव्हते.

ज्या माणसाशी मी लग्न केले, त्याने मला पहिल्या भेटीत वडिलांविषयी एकही प्रश्न विचारला नाही. आम्ही महाराजबागेच्या बाकावर बसलो होतो आणि तो मला विचारत होता की, नऊ वर्षांपूर्वी एम. ए. चा प्रबंध अर्धा सोडलास, तो कशावर होता. मला आठवायला वेळ लागला. तो थांबला. वयाने मोठ्या माणसाकडून मला जे मिळाले त्याचे मी नाव शोधते, तेव्हा ते थांबणेच आठवते. माझ्या वयाच्या पुरुषांना घाई होती. कर्ज, बढती, मूल, फ्लॅट, आणि ती घाई चुकीची होती असेही नाही. पण माझ्यामागे नऊ वर्षे राहिली होती आणि त्यांच्यासाठी कोणाकडे वेळ नव्हता. त्याच्याकडे होता. ‘आधार’ हा शब्द मला म्हणूनच आवडत नाही. आधार द्यायला तर मी तयारच झालेली होते.

आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर हे खोटे होईल. मागच्या वर्षी एका रुग्णालयात खिडकीवरच्या मुलीने मला म्हटले, “वडिलांना इथे बसवा आणि तुम्ही फॉर्म भरा.” मी फॉर्म भरला. ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात पत्नी लिहिले. तिने वाचले, वर पाहिले आणि काही बोलली नाही. घरी येईपर्यंत तेही काही बोलले नाहीत. ‘द लंचबॉक्स’मध्ये गाडीत एक तरुण साजनला बसायला जागा देतो आणि तो त्या दिवशी इलाला न भेटताच परततो, ते दृश्य मी त्यामुळे पुन्हा पाहू शकत नाही. फरक इतकाच की साजन भेटायच्या आधीच माघारी फिरला, आणि आम्हाला १३ वर्षे एकत्र राहून त्या खिडकीपाशी उभे राहावे लागले.

आणि ज्याविषयी या प्रकारच्या कथा क्वचितच बोलतात, ते हे. मी बहुधा दुसऱ्यांदा एकटी होणार आहे. हे मला लग्नाच्या दिवशी ठाऊक होते. त्यालाही होते. आम्ही त्यावर एकदा बोललो आहोत, फार नाही. आपल्या नायिकेने हा हिशेब एकदा तरी मोठ्याने मांडावा. तो मांडून ती होकार देत असेल, तर आपल्या अभिनेत्रीला तिचे उत्तर मिळेल असे वाटते.

फुटाळ्याची पायवाट

उत्तररात्र, आपण लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. त्यानंतर चित्रपटांविषयी लिहायला संकोच वाटतो, तरी दोन मुद्दे या नाटकाच्या उपयोगाचे आहेत.

लग्न हाच शेवट हवा का? सोफिया कोपोला यांच्या ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ या २००३ सालच्या चित्रपटात टोकियोच्या एका हॉटेलात झोप न लागणारी दोन माणसे भेटतात. तो उतरणीला लागलेला नट, ती नुकतीच लग्न झालेली आणि पुढे काय करावे हे न कळलेली. शेवटी गर्दीत तो तिच्या कानात काही सांगतो आणि ते आपल्याला ऐकू येत नाही. ते नाते त्या काही दिवसांपुरतेच होते आणि तेवढ्यापुरते पूर्ण होते. एक गोष्ट मात्र मला खटकत आली आहे. चित्रीकरणाच्या वेळी स्कार्लेट जोहान्सन १७ वर्षांची होती आणि बिल मरे ५२ चे. पडद्यावरची नायिका पदवीधर आणि विवाहित आहे, पण ती भूमिका करायला इतकी लहान मुलगी निवडावी, यात अशा कथांची जुनी सवय दिसते. आपल्या नाटकात ३९ वर्षांच्या स्त्रीची भूमिका २२ वर्षांच्या मुलीला देऊ नका. खरोखरच चाळिशीची स्त्री रंगमंचावर आणा. प्रेक्षक तिच्या निर्णयाकडे वेगळ्या नजरेने पाहील.

दुसरा चित्रपट राइनर वेर्नर फासबिंडर यांचा, १९७४ चा, ‘भीती आत्मा खाते’ अशा अर्थाच्या नावाचा. म्युनिकमधली साठीची, साफसफाईचे काम करणारी विधवा एमी आणि तिच्याहून पुष्कळ लहान असलेला मोरोक्कोचा कामगार अली. येथे स्त्री मोठी आहे. तिने लग्न केल्याचे सांगताच तिचा मुलगा लाथ मारून टीव्ही फोडतो. शेजारणी बोलणे टाकतात. मग हळूहळू सगळे परत येतात, कारण कोणाला तळघरातली जागा हवी असते, कोणाला नातवंड सांभाळायला माणूस हवे असते. जगाचा विरोध कमी होतो आणि त्याच वेळी त्या दोघांत दरी पडू लागते. अलीला त्याच्या देशाचा कुसकुस खावासा वाटतो आणि एमी म्हणते, मला ते येत नाही, तूही आता इथले खायला शीक. मैत्रिणींना ती त्याचे दंड दाखवते, जणू तो विकत आणलेला आहे. एकाकी माणूसही दुसऱ्या एकाकी माणसाला वस्तू करू शकतो, हे त्या चित्रपटाइतके नीट मी कोठे पाहिलेले नाही.

आपला नायक चांगला आहे, पण तो तिच्यासाठी कधी काही रांधतो का? की पोळी तिनेच करायची?

महालचा वाचक

उत्तररात्र यांचे लिहिणे वाचून माझे मत काहीसे बदलले आहे, हे नोंदवतो. मी आत्याचे उदाहरण दिले, ते योग्यच होते. पण आत्याला १४ व्या वर्षी कोणी विचारले नाही आणि यांनी ३४ व्या वर्षी स्वतः ठरवले. या दोन गोष्टी मी एकाच तागडीत घातल्या, ती माझी चूक झाली.

तरी एक शंका उरते. ती १३ वर्षांची मुलगी. तिच्या आयुष्यात हा माणूस कोण? बाप म्हणावे तर वयाने आजोबा. ती वरच्या मजल्यावरून सगळे पाहते आहे आणि संहितेत तिचे काय वाक्य आहे, हे आपण सांगितले नाही.

उत्तररात्र

मला मूल नाही, त्यामुळे त्या बाजूने मी अधिकाराने बोलू शकत नाही. पण मुलगी या लग्नाच्या विरुद्ध असावीच, असा नियम नको. तिला तो माणूस आवडत असेल आणि तरीही आईने त्याच्याशी लग्न करू नये असे वाटत असेल, तर मला ते अधिक खरे वाटेल.

अंबाझरीकाठ

सर्वांची मी अतिशय ऋणी आहे. तीन आठवडे उत्तर दिले नाही, कारण लिहीत होते.

काय बदलले ते थोडक्यात सांगते. नाटकाची सुरुवात आता खाली होत नाही, वर होते. मृगाचा तोच पाऊस, तीच रात्र, पण आपण आधी तिला पाहतो. मुलगी झोपली आहे. ती विजेच्या बिलाच्या पाठीमागे आकडे मांडते आहे. निवृत्तिवेतन, पगार, शिकवणीचे पैसे. मग त्याच कागदावर दुसऱ्या कोपऱ्यात ती एक ओळ लिहिते आणि खोडते. ती ओळ काय आहे, हे प्रेक्षकाला दुसऱ्या अंकापर्यंत कळत नाही. तेवढ्यात खालून कूलरचा आवाज येतो आणि ती कान देते. ती खाली जाते तेव्हा काळजीने जात नाही. आणखी कोणी जागे आहे, हे कळल्याने जाते. निवृत्त लेखापाल, आपला घडी केलेला कागद मी आपल्या परवानगीशिवाय घेतला आहे, क्षमा असावी.

सदरकर यांच्या सूचनेप्रमाणे तिने खामल्याला घर पाहून ठेवले आहे आणि पहिल्या अंकातच आगाऊ रक्कमही दिली आहे. म्हणजे तो विचारतो, तेव्हा ती जायला मोकळी आहे. मुलीला आता नऊ वाक्ये आहेत. त्यातले शेवटचे मला स्वतःला अजून नीट कळलेले नाही, पण ते काढवत नाही.

होकार मी काढून टाकला. तो विचारतो, तेव्हा ती सगळा हिशेब मांडते. माझे किती पैसे थांबतील, तुमचा मुलगा काय म्हणेल, तुम्ही गेल्यावर मी किती वर्षे असेन. शेवटचा आकडा ती सांगते, तेव्हा तो खाली बसतो. मग ती म्हणते की, आजवर रोज मीच खाली आले, उद्या तुम्ही वर या आणि येताना भाजी करून आणा. येथे अंक संपत नाही. दुसऱ्या संध्याकाळी तो हातात झाकलेले पातेले घेऊन जिना चढू लागतो. गुडघा दुखरा आहे, एकेका पायरीवर थांबतो. वर ती दार उघडून उभी आहे आणि त्याला हात द्यायला खाली उतरत नाही. दिवे जातात, तेव्हा तो अजून जिन्यातच असतो.

आमच्या अभिनेत्रीने हे वाचले आणि काहीच विचारले नाही. फक्त म्हणाली की ही भूमिका तिने करू नये, तिच्या मावशीने करावी. मावशी ४१ वर्षांच्या आहेत आणि त्यांनी शाळेनंतर रंगमंचावर पाऊल ठेवलेले नाही. सोमवारपासून त्या तालमीला येत आहेत.

आता एक अडचण निव्वळ व्यवहाराची आहे. खऱ्या घरातला जिना १७ पायऱ्यांचा असतो. आमच्या नेपथ्याच्या खर्चात आणि रंगमंचाच्या उंचीत पाचांहून अधिक पायऱ्या बसत नाहीत, आणि पाच पायऱ्या चढायला माणसाला इतका वेळ लागतो, हे प्रेक्षकाला पटणार नाही. जिना प्रेक्षागृहातून वर नेता येईल का, किंवा प्रकाशयोजनेने काही करता येईल का, याचा कोणाला प्रत्यक्ष अनुभव असल्यास कृपया लिहावे.